नऊ खणांचं कपाट

"किती जुनं आहे हो?"

फोनवरच्या माणसाने अगदी साधा प्रश्न विचारला होता. जुनी वस्तू घेताना कोणीही विचारतो. पण मी आपला "अं... म्हणजे तसं बघायला गेलं तर..." करत राहिलो. त्याला नक्की वाटलं असणार की पोरगं काहीतरी लपवतंय.

विकायला काढलं होतं माझं कॅबिनेट. कॉम्प्युटरचं. (आपल्याकडे अर्धी जनता ह्या डब्यालाच सीपीयू म्हणते. कॉलेजात असताना मी लोकांना सुधारायला जायचो, आता सोडून दिलंय.) काळं, पत्र्याचं, रिकामं असतानाही एका हाताने उचलवत नाही असं, आणि समोरून वरपासून खालपर्यंत सलग नऊ खण. गेली सहा वर्षं ह्या डब्यात आमच्या घरचा स्टोरेज सर्व्हर होता, आठ हार्ड डिस्कचा. फोटो, व्हिडिओ, बाबांचे स्कॅन केलेले कागद, आईच्या भिशीचे हिशोब, सगळं ह्यात.

आता वयाचं म्हणाल तर, मी हे २०१९ मध्ये सेकंडहँडच घेतलं. ज्याच्याकडून घेतलं तो जर्मनीला निघाला होता. त्याने दहा वर्षांपूर्वी नवं घेतलेलं. म्हणजे डबा साधारण २००९ चा. पण आतली मदरबोर्डची भोकं १९९५ ची आहेत. मागच्या पट्ट्यांमधलं अंतर १९८३ चं. आणि समोरचे ते नऊ खण, ज्यांच्यासाठी हा माणूस चिंचवडहून येणार होता, ते १९७६ चे. फोनवर हे कसं सांगणार? शेवटी "सोळा-एक वर्षं झाली असतील" म्हणालो. तो म्हणाला, "रविवारी येतो."

फोन ठेवला आणि डोक्यात चक्र सुरू झालं. शनिवार होता, बाहेर पाऊस होता. म्हटलं चला, निदान तुम्हाला तरी नीट उत्तर देऊ.

सुरुवात खणांपासून करू. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या शुगार्ट असोसिएट्स नावाच्या कंपनीने एसए-४०० नावाचा फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात आणला. त्याआधीची फ्लॉपी आठ इंची, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढी. वँग लॅबोरेटरीज टेबलावर ठेवायचे वर्ड प्रोसेसर करायची, तिला लहान आणि स्वस्त ड्राइव्ह हवा होता. एक दंतकथा अशी आहे की बारमध्ये बसून बोलणं चाललेलं असताना कोणीतरी समोरच्या कागदी नॅपकिनकडे बोट दाखवून "एवढी हवी" म्हटलं आणि सव्वापाच इंची फ्लॉपी जन्माला आली. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं त्यांनी नंतर सांगितलेली हकिगत इतकी रंगतदार नाही. तेव्हाच्या टेप ड्राइव्हच्या जागी बसेल असं माप हवं होतं, बस्स. मला हीच जास्त खरी वाटते. कॉम्प्युटरच्या जगात बहुतेक मापं "आधी जे होतं त्याच्या जागी बसेल" ह्याच न्यायाने ठरली आहेत.

त्या ड्राइव्हचं माप होतं रुंदी पावणेसहा इंच, उंची सव्वातीन इंच. आत बसणारी माहिती शंभर केबीच्या आसपास. आज व्हॉट्सअॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक गुलाब त्यात मावणार नाही. फ्लॉपी गेली, पण ते पावणेसहा इंच राहिले.

कंपनीचं नाव ज्याच्यावरून, तो अॅलन शुगार्ट तोवर कंपनीत उरलाच नव्हता! १९७३ मध्ये त्याने ती काढली, १९७४ मध्ये त्याला बाहेर पडावं लागलं. हा माणूस मूळचा आयबीएमचा. तिथे त्याने 'रॅमॅक'वर काम केलेलं. १९५६ चा रॅमॅक म्हणजे जगातली पहिली विक्रीला आलेली हार्ड डिस्क. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनभर, आणि क्षमता पन्नास लाख अक्षरं. आजच्या हिशोबाने चार एमबीसुद्धा नाही. तेव्हा कॅबिनेट हा शब्द शब्दशः खरा होता, डिस्कचं स्वतःचंच कपाट असायचं. तर हा शुगार्ट काही वर्षांनी परत आला. १९७९ मध्ये फिनिस कॉनर वगैरे मंडळींबरोबर त्याने नवी कंपनी काढली, तिचं नाव पुढे सीगेट झालं, आणि १९८० मध्ये त्यांनी एसटी-५०६ नावाची हार्ड डिस्क आणली. पाच एमबी. आता गंमत बघा. तिचं बाहेरचं माप मुद्दाम त्या सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हएवढंच ठेवलं. ज्याच्या मशीनमध्ये फ्लॉपीचा खण आहे त्याला तोच खण वापरून हार्ड डिस्क बसवता यावी म्हणून. म्हणजे सव्वापाच इंच हे आता फ्लॉपीचं माप राहिलं नाही, ते खणाचं माप झालं.

मग १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी आला. पुढच्या बाजूला असे दोन पूर्ण उंचीचे खण, मागे कार्डांसाठी पाच पट्ट्या, एकेक इंचावर. १९८३ मध्ये एक्सटी आला, त्यात दहा एमबीची हार्ड डिस्क, आणि पट्ट्या पाचाच्या आठ केल्या, अंतर ०.८ इंच. ते ०.८ इंच आज दुकानात मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डालाही लागू आहे. लोक ज्याला 'दोन स्लॉटचं कार्ड' म्हणतात ना, तो दोनचा हिशोब तिथला. १९८४ चा एटी आला आणि त्याच्या नकला करणाऱ्यांनी बोर्डाची, भोकांची, पट्ट्यांची मापं जशीच्या तशी उचलली. कोणी समिती बसवली नव्हती. ज्याचा डबा आयबीएमसारखा त्याच्याकडे सगळ्यांचे भाग बसणार, एवढाच हिशोब. लॅमिंग्टन रोडवर आणि आमच्या तापकीर गल्लीत पुढे जो 'असेंबल्ड'चा धंदा उभा राहिला, त्याच्या मुळाशी ही नक्कल आहे. १९९७ मध्ये भारताने आयटी मालाच्या जागतिक करारावर सही केली, २००५ पर्यंत ह्या वस्तूंवरचं आयात शुल्क शून्यावर आलं, आणि त्या सुमारास आमच्यासारख्या घरांमध्ये पहिला कॉम्प्युटर आला.

आमचा आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. फिकट रंगाचं कॅबिनेट, 'एसएमपीएससकट' किमतीतलं, ८० जीबीची डिस्क. बाबा भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये टूलरूमला होते. पत्रा हा त्यांचा विषय. इंजिनिअर दादाने डबा उघडल्याबरोबर ते वाकून बघायला लागले. आत डिस्क एकच, सीडी ड्राइव्ह एकच, आणि बाकीचे खण रिकामे. त्यांनी विचारलं, "एवढे खण केलेत, मग रिकामे कशाला ठेवलेत?" दादा हसून म्हणाला, "काका, एक पुरते."

नाही पुरली. वर्ष-दीड वर्षात तिने टिक्... टिक्... टिक्... करायला सुरुवात केली आणि एका रविवारी बंदच पडली. त्यात आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो होते. मावसभावाचा डिजिटल कॅमेरा मागून आणलेला, प्रिंट काढायचे 'पुढच्या महिन्यात' ठरलेले. आजी २००९ मध्ये गेली. हार घातलेल्या फोटोसाठी तिचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला. त्याबद्दल आमच्या घरात कोणी कधी काही बोललं नाही. बाबा तर नाहीच. असो.

रिकामे खण का, ह्याचं शास्त्रशुद्ध उत्तर मला फार उशिरा, थर्ड इयरला मिळालं. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या तिघांनी 'रेड'वरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच्या इंग्रजी शीर्षकात 'अ केस फॉर' असं आहे, म्हणजे बाजू मांडणे. मला मात्र कायम वाटतं की ते कॅबिनेटबद्दलच बोलतायत :-) त्यांचं म्हणणं असं की आयबीएमची ३३८० सारखी एक अजस्र, महागडी डिस्क घेण्याऐवजी पीसीसाठी बनणाऱ्या छोट्या, स्वस्त डिस्क पुष्कळ संख्येने एकत्र लावा. उदाहरणाला घेतलेली छोटी डिस्क होती कॉनर पेरिफेरल्सची, १०० एमबीची. हा कॉनर म्हणजे तोच, वरचा, सीगेटवाला. जग लहान आहे.

पण त्या निबंधातला मला आवडलेला भाग वेगळाच आहे. ते स्वतःच स्वतःच्या कल्पनेवर पाणी ओततात. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरा. अशा शंभर लावल्या तर त्यातली कुठली ना कुठली तरी सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाही! स्वस्तात शंभर डिस्क जोडणं म्हणजे दर पंधरवड्याला आजीचे फोटो घालवणं. म्हणून जादा डिस्क, म्हणून पॅरिटी, म्हणून एक मेली तरी बाकीच्यांकडून तिची माहिती परत काढता येईल अशी रचना. शास्त्रज्ञांच्या भाषेत ही 'रिडन्डन्सी'. बाबांच्या भाषेत, रिकामे खण भरणे.

एकीकडे डिस्क लहान होत होत्या. स्कॉटलंडच्या रोडाइमने १९८३ मध्ये पहिली साडेतीन इंची हार्ड डिस्क काढली. ही साडेतीन इंची डिस्क कुठूनही मोजा, साडेतीन इंच भरत नाही. रुंदी चार, जाडी एक, लांबी पावणेसहा. साडेतीन इंच हे त्या मापाच्या फ्लॉपीचं नाव, डिस्कने ते लावून घेतलं. आणि लांबी पावणेसहा का? सव्वापाच इंची ड्राइव्हची रुंदी आठवा...

इथे माझ्या नऊ खणांचं गणित लागतं. मूळ सव्वातीन इंच उंचीच्या खणाचे पुढे दोन अर्धे झाले, सीडी ड्राइव्ह बसतो तो हा अर्धा खण. उंची १.६२५ इंच. (बाबांनी व्हर्निअर न लावता नुसतं बघून सांगितलं, "एक इंच पाच सूत." बरोबर तेवढंच. सुताचा हिशोब आपल्याकडच्या सुतार-फॅब्रिकेटर मंडळींच्या तोंडात अजून आहे, आणि हे अमेरिकेतलं माप त्यात बिनचूक बसतं.) असे तीन खण मिळून उंची ४.८७५ इंच आणि रुंदी पावणेसहा. आता साडेतीन इंची डिस्क उभी करा. उंची चार इंच, जाडी एक. पुस्तकं फळीवर लावावीत तशा एकाशेजारी एक पाच डिस्क उभ्या राहतात, वर पंखा-तारांना जागाही उरते. तीन खणांत पाच डिस्क बसवणारे पिंजरे मिळतात ते ह्या हिशोबावर. नऊ खण म्हणजे तीन पिंजरे, पंधरा डिस्क. मी दोनच लावले होते.

म्हणजे १९७६ च्या फ्लॉपीच्या मापात २०१९ चा सर्व्हर बसत होता, आणि हे कोणीही ठरवून केलेलं नव्हतं.

एटीएक्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय काढला की मी थांबत नाही. जुलै १९९५ मध्ये इंटेलने हे मानक जाहीर केलं. बोर्ड नव्वद अंशात फिरवला, बारा बाय ९.६ इंच, मागची सगळी सॉकेटं एका चौकटीत आणली, आणि पॉवरची वायर एकच केली. त्याआधीच्या एटीमध्ये दोन वेगळे कनेक्टर असायचे, अदलाबदल झाली तर बोर्ड जळायचा, म्हणून 'काळ्याला काळी चिकटली पाहिजे' हा मंत्र असेंबलर पाठ करायचे. आणि विंडोज ९५ मध्ये शटडाउन केल्यावर "आता बंद करायला हरकत नाही" अशा अर्थाची नारिंगी पाटी येऊन आपण हाताने बटण दाबायचो, ते एटीचं युग. एटीएक्समध्ये मशीन स्वतःच स्वतःला बंद करायला शिकलं. पुढे इंटेलनेच ह्याला बदलायला बीटीएक्स आणलं, काही वर्षांत सोडूनही दिलं. ज्याच्या डब्यात सगळ्यांचे भाग बसतात त्याला हलवणं कठीण, अगदी ज्याने तो केला त्यालासुद्धा.

घरात सर्व्हर ठेवायची हौस मात्र तशी अलीकडची. २००५ हे साल ह्या बाबतीत भन्नाट आहे. सन कंपनीने झेडएफएसचा सोर्स त्या वर्षी खुला केला, आणि फ्रान्समधल्या ऑलिव्हिए कोशार-लाबे ह्याने फ्रीनॅस त्याच वर्षी सुरू केलं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज होम सर्व्हर आणला. त्याच्या प्रचारासाठी लहान मुलांच्या गोष्टीच्या थाटात 'आई, घरात सर्व्हर कशाला?' अशा अर्थाच्या नावाचं एक पुस्तकही काढलं होतं, खोटं नाही सांगत. प्रॉडक्ट टिकलं नाही. प्रश्न टिकला, माझी आई तो मला सहा वर्षं विचारते आहे.

मग मी तो विकायला का काढला?

कारण खण पुन्हा रिकामे व्हायला लागले. माझ्या आठ डिस्क प्रत्येकी दोन टीबीच्या, त्यातल्या दोन पॅरिटीला धरल्या तर वापरायला बारा टीबी. आता सोळा टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत बसवल्या की सोळा टीबी मिळतात, बुटाच्या खोक्याएवढ्या डब्यात. आठ डिस्क नुसत्या फिरत राहायला प्रत्येकी पाच वॅट धरले तरी चाळीस वॅट, चोवीस तास, वर्षाचे साडेतीनशे युनिट. दहा रुपये युनिट धरा. ज्या डब्याची मी तीन हजार किंमत मागत होतो, तो दरवर्षी साडेतीन हजारांची वीज खात होता. त्यात मार्चमध्ये माझं लग्न ठरलंय आणि नव्या फ्लॅटमध्ये एकच बेडरूम आहे. "तो बॉक्स येणार आहे का आपल्याबरोबर?" ह्या वाक्यातला 'तो' तुम्ही ऐकायला हवा होता.

बाजारात मात्र आता असे डबे मिळत नाहीत. सीडी-डीव्हीडी गेली तशी पुढचे खणही गेले. नवीन कॅबिनेटला समोर जाळी किंवा काच, आत रंगीत दिवे, आणि डिस्कसाठी तळाशी कुठेतरी दोन जागा. म्हणून तर चिंचवडचा माणूस एका सोळा वर्षांच्या पत्र्यासाठी पावसात यायला तयार होता.

शनिवारी रात्री डबा पुसायला घेतला. बाबा शेजारी येऊन बसले. बाजूचा पत्रा काढून त्यांनी कडेला व्हर्निअर लावलं. "पॉइंट आठ. हल्लीचे पॉइंट पाचचे असतात, हाताने वाकतात." कडा बोटाने तपासल्या. "कडा दुमडून घेतल्यात बघ. हात कापत नाही. ह्याला डायमध्ये एक ऑपरेशन जास्त लागतं. कोणीतरी तेवढा खर्च केलाय." एवढ्या वर्षांत ह्या डब्याकडे मी असं कधी बघितलंच नव्हतं. मी आत काय चाललंय तेच बघायचो.

मग स्क्रूचा डबा आला आणि बाबा उखडले. मी सगळे एकत्र टाकलेले. हार्ड डिस्कला आणि कॅबिनेटला लागतो तो सहा-बत्तीस, इंची आट्यांचा. सीडी ड्राइव्हला आणि एसएसडीला लागतो तो एमथ्री, मिलिमीटरचा. दिसायला सारखेच. एमथ्री इंची भोकात घातला तर सैल फिरतो, आणि सहा-बत्तीस जोर लावून एमथ्रीच्या भोकात घातला तर आटे गेलेच. अमेरिकी डबा आणि जपानी ड्राइव्ह ह्यांचं लग्न कधीतरी लागलं, आणि आजही प्रत्येक कॅबिनेटबरोबर दोन जातींचे स्क्रू येतात. बाबांनी चष्मा लावून, पिच गेज घेऊन एकेक स्क्रू निवडला आणि दोन पुड्या केल्या. एकीवर पेनने 'इंची', दुसरीवर 'एमएम'. अकरा वाजले. मी म्हटलं, "राहू द्या बाबा, तो करेल." ते म्हणाले, "त्याला काय माहीत असणार?"

रविवारी माणूस आला. तिशीचा, लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय. घरात सुट्या डिस्क किती आहेत ते त्यालाच नक्की सांगता येईना. "एक गेली गेल्या महिन्यात. नशीब, अल्बम दिलेला होता." मी त्याला खरं ते सांगितलं, खालच्या पंख्याचा आवाज येतो, पुढचा एक यूएसबी चालत नाही. आणि जे न विचारता सांगणं भाग होतं तेही, की ह्यात कितीही डिस्क लावल्या तरी तो बॅकअप होत नाही, घराबाहेर एक प्रत ठेवावीच लागते. तो मान हलवत होता, पण अशी मान मीही कॉलेजात हलवायचो.

"पंचवीसशे?"

"अठ्ठावीस."

"सत्तावीस करा दादा, पंखा मला बदलावा लागणार."

मी हो म्हणणार तेवढ्यात बाबा आतून दोन पुड्या घेऊन आले. त्याच्या हातात दिल्या आणि पाच मिनिटं आट्यांवर लेक्चर. मग त्याला विचारलं, "किती डिस्क लावणार?"

"सध्या चार आहेत काका. हळूहळू वाढवीन."

"नऊ खण आहेत," बाबा म्हणाले.

त्याने पुड्या खिशात टाकल्या, आम्ही दोघांनी धरून डबा त्याच्या अॅक्टिव्हाच्या पायाजवळ बसवला, वरून बाबांचा जुना रेनकोट घातला. पंखा बदलला की कळवतो म्हणाला. अजून काही फोन आलेला नाही.